पहाटेचा गजर बंद करा आणि नवरात्राकडे नीट बघा

ताई, नमस्कार.

मी कराडहून लिहितेय. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. सातवीपर्यंत शाळेच्या खो-खोच्या संघात होती, गुडघे कायम फुटलेले. आठवीपासून जे सोडलं ते सोडलंच. आता शाळा, क्लास, मोबाईल आणि पलंग. वजन वाढलंय, जिना चढली तरी दम लागतो म्हणते. यांना पहाटे फिरायची सवय आहे. साडेपाचला तिला उठवतात. रविवारी आगाशिवचा डोंगर, एरवी नदीकाठी प्रीतिसंगम. ती रडत उठते, नाहीतर उठतच नाही, आणि आमच्या घरात दिवस भांडणानंच उजाडतो. सायकल घेऊन दिली, ती जिन्याखाली धूळ खातेय. जिमची तीन महिन्यांची फी भरली, आठ दिवस गेली. मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं, दहा हजार झाली की शंभर रुपये असंही ठरवलं. तर हिनं फोन धाकट्याच्या खिशात ठेवून पावलं वाढवली! धाकटा बारा वर्षांचा. शाळेतून आला की दप्तर टाकून मैदानावर, अंधार पडेपर्यंत क्रिकेट. ही मात्र घरात. संध्याकाळी मला जरा हाताखाली मदत करते, तेवढीच काय ती हालचाल. मावशी, आत्या येता-जाता वजनावर बोलतात. मीही बोलते, वाटतं की मनाला लागून तरी सुधारेल. राग याचा येतो की नवरात्रात नऊ दिवस रोज रात्री तीन-तीन तास दांडिया खेळली. तेव्हा कुठं गेला होता दम? मग हा आळस नाही तर काय? तिला व्यायामाची गोडी कशी लावायची, सांगा.

– एक आई, कराड


नमस्कार.

फोन धाकट्याच्या खिशात सरकवल्याचं वाचून मी मोठ्यानं हसले. राग मानू नका, पण पोरगी हुशार आहे. तुम्ही शंभर रुपयांना पावलं मागितलीत, तिनं पावलं आणून दिली. चालणारा कोण असावा हे सौद्यात कुठं ठरलं होतं? बक्षिसाचं असंच होतं. मुलांचं लक्ष कामावरून उठतं आणि पैशावर बसतं, आणि पैसे थांबले की काम त्याच दिवशी थांबतं. ते ॲप काढून टाका. शंभर-शंभर करून जे वाचतील त्यांचं काय करायचं ते पुढं सांगते.

आता तुमच्या रागाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रागातच आहे.

नऊ रात्री, रोज तीन तास दांडिया. हा काही हलका प्रकार नाही. पाय सतत चालू, गिरक्या, वाकणं, हात खांद्याच्या वर, घामानं ओढणी ओली. आळशी माणूस एका रात्रीत बसेल. तुमची लेक नऊ रात्री खेळली, आणि तिला कुणी उठवावं लागलं नाही. उलट तुम्हालाच 'आता चल घरी' म्हणावं लागलं असेल. तेव्हा 'दम कुठं गेला होता' हा टोमणा जरा बाजूला ठेवा आणि त्या मांडवात काय काय होतं ते आठवून बघा.

तिथं मैत्रिणी होत्या. कपडे तिनं स्वतः निवडले होते. शंभर जणी फिरत असताना एकटीकडे कुणी बघत नव्हतं. पाऊल चुकलं की हसायचं आणि पुढच्या फेरीत धरायचं. शिट्टी नाही, निवड नाही, 'तू बाहेर बस' नाही. वेळ रात्रीची, म्हणजे या वयाचं शरीर खरं जागं असतं तेव्हाची. आणायला-सोडायला कुणीतरी होतं, त्यामुळे अंधाराची चिंता नव्हती. आणि यानं तुझं वजन उतरेल, असं त्या नऊ दिवसांत तिला एकदाही कुणी म्हणालं नाही. म्हणाला असतात तर दहाव्या दिवसाची वाट बघावी लागली नसती, चौथ्या रात्रीच ती घरी बसली असती.

आता तिच्या नजरेनं पहाटेचा प्रीतिसंगम बघा. डोळ्यावर झोप, शेजारी बाबा, आजूबाजूला सगळे साठीचे, कुणी शुगर उतरवायला आलेले, कुणी गुडघ्यासाठी. जागा सुंदर आहे, वादच नाही. पण तिच्या वयाचं तिथं कोण आहे? आणि तिला तिथं कशासाठी नेलंय हे तिला पक्कं माहीत आहे: तिच्या शरीरात काहीतरी बिघडलंय आणि ते दुरुस्त करायचंय.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर एकच गोष्ट अभ्यासली: माणूस एखादी गोष्ट मनापासून, कुणी मागे न लागता का करत राहतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की त्याला तीन गोष्टी लागतात. ते आपण निवडलेलं असावं, ते आपल्याला जमतंय असं वाटावं, आणि सोबत आपली माणसं असावीत. दांडियात तिन्ही होत्या. पहाटेचं फिरणं, सायकल, जिम, ॲप या तुमच्या चारही उपायांत एकही नव्हती. सगळं तुम्ही ठरवलंत, सगळं मैत्रिणींशिवाय करायचं, आणि सुरुवातच 'तुझं काहीतरी चुकतंय' इथून.

पण त्याआधीचा एक प्रश्न आहे आणि तुमच्या पत्रानं तो एका उडीत ओलांडलाय. सातवीपर्यंत गुडघे फुटलेले, आणि आठवीपासून 'सोडलं ते सोडलंच'. मधे काय झालं?

मी बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवले आहेत. आठवीच्या वर्गाचा पी.टी.चा तास म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर पहिली येते ती झाडाखालची रांग. शनिवार, म्हणून पांढरा गणवेश. पाच-सहा मुली कडेला बसलेल्या, गुडघे जुळवून, दप्तर मांडीवर. 'काय गं, काय झालं?' म्हटलं की 'मॅडम, पोटात दुखतंय.' घंटा झाली की त्यांतली एक लगेच उठत नाही. आधी मैत्रिणीला उठवते, तिला मागे उभी करते आणि हळूच म्हणते, 'बघ गं जरा.' मग दप्तर पाठीवर जरा खाली लोंबतं ठेवून वर्गाकडे चालायला लागते. पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो, आणि पाळी सुरू होण्याच्या वयातल्या मुलींना आपण नेमका पळण्याच्या दिवशी पांढरा गणवेश देतो! हे ठरवणाऱ्यांत एखादी तरी बाई होती का, असा मला नेहमी प्रश्न पडतो. त्यात शाळेच्या बाथरूमला कडी नसेल, पाणी नसेल, पॅड टाकायला जागा नसेल, तर त्या दिवशी मैदानावर न उतरणं हाच शहाणपणा ठरतो. आणि महिन्यातले चार-पाच दिवस बाहेर बसणारीला संघात कोण ठेवतं?

दुसरी गोष्ट मुली आईलाही सांगत नाहीत. छाती. पळताना ती हलते, दुखते, आणि कुंपणापलीकडून मुलं बघतात. एकावर एक दोन स्लिपा घालून, खांदे पुढे पाडून, हात छातीशी बांधून पळणाऱ्या मुली मी पाहिल्यात. तसं पळून खो-खो होत नाही. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वयाच्या दोन हजारांवर शाळकरी मुलींना याबद्दल थेट विचारलं गेलं, तेव्हा जवळजवळ निम्म्या म्हणाल्या की स्तनांमुळे आमच्या खेळण्यावर परिणाम होतो, आणि निम्म्यांहून जास्त जणींनी स्पोर्ट्स ब्रा कधी वापरलीच नव्हती. आपल्याकडे तर हा विषय निघतच नाही. तर शंभर-शंभरचे जे पैसे वाचले, त्यांतून दोन चांगल्या स्पोर्ट्स ब्रा आणा. तिला सोबत घेऊन जा, बाई विक्रेती असेल अशा दुकानात. मापाची घ्या, वाढत्या अंगाची म्हणून सैल घेऊ नका. घालून बघताना आत चार उड्या मारायला सांगा. हलत नसेल आणि श्वासही अडकत नसेल तर ती बरोबर. सोबत गडद रंगाची, जाड कापडाची ट्रॅक पॅन्ट. या खरेदीला 'व्यायामासाठी' असं नाव देऊ नका. कपडे आहेत, आणले, संपलं.

तिसरं म्हणजे शरीरच बदलतं. या वयात मुलींच्या अंगावर चरबी चढते आणि ती चढायलाच हवी, निसर्गाची तशी योजना आहे. पण त्यामुळे अकराव्या-बाराव्या वर्षी वाऱ्यासारखी पळणारी मुलगी तेराव्या वर्षी अचानक जड वाटायला लागते. हुलकावणी देताना शरीर अर्धा क्षण मागे राहतं. खांबाशी वळताना तोल जातो. वर्गातली मुलं याच काळात झपाट्यानं पुढे जातात. तिला कुणी सांगत नाही की हे सगळ्यांचंच होतं, नव्या शरीराची सवय व्हायला वेळ लागतो. ती आपापला निष्कर्ष काढते: मला आता जमत नाही. ज्यात आपण तरबेज होतो त्यात चारचौघांत ढ ठरण्यापेक्षा सोडलेलं बरं, हे कुणालाही वाटेल.

म्हणून म्हणते, हा तुमच्या एका घरातला आळस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांची आकडेवारी गोळा करून २०१९ मध्ये मांडली. शंभरातली ८१ मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८, मुलींत ८५.

आता एक गोष्ट बोलते, ती थोडी लागेल. पत्रात तुम्ही लिहिलंय, धाकटा दप्तर टाकून मैदानावर आणि ही 'हाताखाली मदत करते'. तो अंधार पडेपर्यंत खेळतो, ही कोशिंबीर करते, कपड्यांच्या घड्या घालते. त्याचं खेळणं कुणी मोजत नाही, तिचं बसणं मात्र सगळे मोजतात. वर मैदानावर तिच्या वयाची एकही मुलगी नसते, ती गेलीच तरी कुणाशी खेळणार? सगळा दोष तुमचा नाही, गावंच तशी आहेत. पण घरातला भाग तुमच्या हातात आहे. शाळा आणि क्लासच्या मधला जो काही तास-पाऊण तास मिळत असेल तो तिचा करून टाका. त्या वेळात तिला हाक मारायची नाही. घड्या धाकट्यालाही घालता येतात, बारा वर्षांचा आहे तो.

वजनाचं बोलणं आजपासून बंद. मनाला लागून सुधारेल असं तुम्हाला वाटतं, पण ते लागतं आणि मूल आणखी घरात बसतं. वजनावरून चिडवल्या जाणाऱ्या मुलांची हालचाल कमी होते, वाढत नाही, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि आपण व्यायामाची ओळख तरी कशी करून देतो? शाळेत उशीर झाला की ग्राउंडला पाच फेऱ्या, गृहपाठ विसरला की उठाबशा, गडबड केली की कोंबडा. घरी 'दोन पुऱ्या जास्त खाल्ल्यास ना, चढ आता जिने'. दहा वर्षं ज्याची शिक्षा म्हणून ओळख झाली, त्याची सोळाव्या वर्षी गोडी कशी लागावी? मावशी-आत्यांना तुम्हीच सांगायचं, आणि लेकीच्या समोर सांगायचं: 'तिच्या वजनाबद्दल आमच्या घरात बोलायचं नाही असं ठरलंय.' मावशी दोन दिवस फुगून बसेल. बसू द्या.

पहाटेचा गजरही बंद. यजमानांना वाईट वाटेल, त्यांना लेकीबरोबर वेळ हवाय हे मला दिसतंय. पण वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन या मुलांत रात्री उशिरा वाढतं आणि सकाळी उशिरापर्यंत टिकतं. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते. क्लास सुटून, जेवून, गृहपाठ उरकून दहावीतली मुलगी साडेअकराच्या आत अंथरुणाला टेकत नाही. साडेपाचला उठवलंत तर सहा तास झाले. मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, तुमचेसुद्धा, म्हणजे ती शिक्षा वाटणार नाही. पण झोप कापून व्यायाम नको. बाबांना आगाशिव हवाच असेल तर रविवारी आठला निघा, तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन. त्या मागे गप्पा मारत चढतील, बाबांनी पुढे चालायचं आणि वळून 'चला, चला' म्हणायचं नाही. उतरल्यावर मिसळ. आणि ती खाताना कॅलरीचा 'क'सुद्धा कुणी काढायचा नाही.

दम लागतो म्हणते, त्याकडे मात्र दुर्लक्ष नको. दांडियात लागला नाही आणि जिन्यात लागतो म्हणजे ढोंग, असा हिशेब करू नका. नाचताना माणूस मधे थांबतो, पाणी पितो, गप्पा मारतो, आणि आनंदात थकवा कळतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ही मुलगी पळेल कशी? रक्ताची साधी तपासणी करा, सरकारी रुग्णालयातही होते. पाळीत खूप रक्त जातं का हे विचारा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खाते की दप्तरात टाकते तेही बघा. बऱ्याच मुली मळमळतं म्हणून टाकतात, जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. जेवणाला लागून चहा नको, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. ताटात लिंबू असू द्या. धाप लागताना छातीत घरघर होत असेल, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा पाळी महिनोन्‌महिने येत नसेल, तर मैदानाआधी डॉक्टर.

सायकलीचं सोपं आहे, एकदाच विचारा: 'का गं, कुठं अडतं?' आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. क्लासच्या रस्त्यावर दिवे नसतील, कुत्री मागे लागत असतील, कोपऱ्यावर दुचाकीवरची पोरं काहीतरी बोलत असतील, किंवा मैत्रिणी रिक्षानं जातात आणि ही एकटी पडते. यातलं एकही कारण आळस नाही. जिमची फी गेली असं समजा, तो विषय पुन्हा काढू नका. तिला स्वतःहून पुन्हा जावंसं वाटलं तर मात्र अडवू नका. 'वजनं उचलली की उंची खुंटते' ही भीती खोटी आहे, शिकवणारा नीट असला म्हणजे झालं.

मग करायचं काय? मोठा आकडा डोक्यातून काढा. या वयाला दिवसाला सरासरी एक तास हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आठवड्यातून तीनदा तरी हाडांना-स्नायूंना जोर पडेल असं काही. पण तो तास सलग लागत नाही. क्लासला चालत जाणं त्यात येतं, गच्चीवरच्या दोरीच्या उड्या येतात, खोलीचं दार लावून गाण्यावर नाचणं तर येतंच. दार लावून नाचत असेल तर दार वाजवू नका. शून्यावरून वीस मिनिटांवर येणं, हाच सगळ्यात मोठा फायदा. हाडं बळकट व्हायची हीच वर्षं असतात, मुलींची जवळपास नव्वद टक्के हाडं अठराव्या वर्षापर्यंत भरून होतात. हे तिला सांगू नका, तुमच्या माहितीसाठी सांगतेय. पंधरा वर्षांच्या मुलीला साठाव्या वर्षीच्या हाडांची काळजी नसते, आणि नसावी.

नवरात्रात जिच्याबरोबर सगळ्यात जास्त खेळली ती मैत्रीण कोण, हे तुम्हाला माहीत आहे का? तिच्या आईला फोन करा. दोघींना एकत्र काय करायचं ते दोघीच ठरवतील. बॅडमिंटन असेल, लेझीम असेल, पुढच्या गणपतीला ढोलपथकात जायचं म्हणतील. ढोल कमरेला बांधून तासभर वाजवून बघा एकदा, म्हणजे कळेल तो व्यायाम आहे की नाही. तुम्हाला पटलं नाही तरी त्यांना ठरवू द्या. दोन महिन्यांनी सोडून दुसरं धरलं तरी 'तू एक काही धड करत नाहीस' हे वाक्य गिळा.

बोलायचं कसं, हा पुढचा प्रश्न असणार. समोर बसवून बोलू नका. स्कूटरवर मागे बसलेली असताना बोला, तेव्हा एकमेकींचे चेहरे दिसत नाहीत. 'आम्ही तुला सकाळी उठवणार नाही. वजनाचं बोलणारही नाही. आठवीत खो-खो का सुटला ते मी तुला कधी विचारलंच नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.' एवढंच. उत्तर त्या दिवशी येणार नाही. भाजी निवडताना, नाहीतर झोपताना, कधीतरी एकदम येईल. तेव्हा 'मग तेव्हाच सांगायचं नाहीस का?' असं म्हणू नका म्हणजे झालं.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं, आणि कर्णधार महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. तो सामना शोधून घरातल्या टीव्हीवर लावा. 'बघ ती कुठं पोचली' हे चुकूनही नको. तुम्हाला काही कळत नाही असं दाखवा, बहुधा खरंच कळत नसेल. ही का बाद झाली, ती अशी का वळली, हे तिला विचारा. घरात खो-खोतलं सगळ्यात जास्त तिलाच कळतं, हे तिला पुन्हा जाणवू द्या.

दहावीच्या वर्षाचं म्हणाल तर बहुतेक घरांत जूनपासून खेळ बंद होतो आणि शाळाही पी.टी.चा तास गणिताला देऊन टाकते. त्यानं गुण वाढतात असं कुठंही दिसलेलं नाही. दोन तास बसून झाले की पंधरा मिनिटं खाली जाऊन दोरीवर उड्या मारून येणारी मुलगी पुढचे दोन तास जास्त नीट बसते. खेळाडूंना बोर्ड सवलतीचे गुण देतं हे खरं, पण त्या गुणांचं आमिष आत्ता दाखवू नका. शंभर रुपयांचं काय झालं ते आपण पाहिलंच.

दोन ठिकाणी सावध राहा. फक्त खेळच नाही तर मैत्रिणी, गाणी, आवडीचं खाणं, सगळ्यातूनच मन उडालंय, झोप बिघडलीय, सारखी रडते, असं असेल तर तो व्यायामाचा प्रश्न नव्हे. डॉक्टरांना दाखवा, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. दुसरं उलट टोक. एकदम जेवण तोडलं, लपून तासन्‌तास व्यायाम करायला लागली, तर 'वा, शेवटी आलं मनावर' म्हणून खूश होऊ नका. वजनावर इतकं बोलणं झालेल्या घरात हे होऊ शकतं.

राहिली शाळा. पालक-शिक्षक संघाची बैठक असेल तेव्हा शनिवारच्या गणवेशाचा विषय काढा. वर पांढरा शर्ट राहू दे, खाली गडद ट्रॅक पॅन्ट चालेल का, एवढंच विचारा. खोलीतल्या निम्म्या आया मान डोलावतील. आणि लेकीची हरकत नसेल तर, तिला आधी विचारूनच, खेळाच्या शिक्षकांना एक फोन करा. शालेय स्पर्धांत सतरा वर्षांखालच्यांचा गट असतो, ती अजून त्यात बसते. पण संघाचं बोलू नका. 'ती सरावाला आली तर चालेल का? सामन्यात घेतलं नाही तरी चालेल, फक्त येऊ द्या' असं विचारा. बरेच शिक्षक हो म्हणतात. सरावाला रांग भरायला मुली कमीच पडत असतात.